गळ्यात जपमाळ घालून फिरणारा भिकारी

१६ जानेवारी हा संत जोसेफ वाझ ह्यांचा सण. नाताळचे दिवस नुकतेच सरलेले असतात, घरोघरचा गोठा आवरून झालेला असतो आणि नव्या वर्षाच्या धांदलीत हा सण आपल्याकडे बहुधा तसाच निघून जातो. गोव्यात तसे नाही. गोवा धर्मप्रांताचे ते आश्रयदाते संत आहेत. श्रीलंकेत तर त्यांना त्या देशाचे प्रेषितच मानतात. आपल्या इतक्या जवळचा हा संत, पण आपल्यापैकी किती जणांना त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगता येतील?

ज्यांना थोडेफार माहीत असते त्यांना पावसाचा चमत्कार माहीत असतो. तो मी पुढे सांगणारच आहे. पण मला ह्या संताविषयी सर्वात मोठी वाटणारी गोष्ट पावसाची नाही, ती एका कळपाची आहे. तीस वर्षे मेंढपाळ नसूनही जो कळप पांगला नाही त्याची, आणि त्या कळपाला शोधत निघालेल्या माणसाची. म्हणून सुरुवात संतापासून न करता त्या कळपापासूनच करू या.

श्रीलंकेच्या किनारपट्टीवर पोर्तुगीजांचे राज्य होते. १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना डचांनी त्यांच्याकडून जिंकून घेतले. डच लोक प्रोटेस्टंट. त्यांनी कॅथोलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले. चर्च ताब्यात घेतली. धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्यास मृत्युदंड, असा हुकूम काढला. लग्नाची आणि बाप्तिस्म्याची नोंद डच चर्चमध्ये केली तरच ती कायदेशीर, नाहीतर वारसाहक्काची अडचण. सरकारी नोकरी हवी असेल तर त्यांच्याच चर्चचा सभासद व्हायचे. त्या पंथाचे बांधव आज ख्रिस्ती ऐक्याच्या आठवड्यात आपल्याबरोबर प्रार्थनेला बसतात. त्यामुळे जुनी उणीदुणी काढण्यासाठी हे लिहीत नाही. आणि पोर्तुगीजांनी तरी आपल्या राज्यात इतर धर्मीयांशी फार वेगळे वर्तन केले होते असे नाही.

पोर्तुगीजांचे राज्य असताना कॅथोलिक असण्यात थोडाफार फायदा होता. काही जण त्या फायद्यासाठीच चर्चमध्ये आले असतील. १६५८ नंतर मात्र कॅथोलिक राहण्यात नुकसानीशिवाय दुसरे काहीच नव्हते. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, लग्नाला धर्मगुरू नाही, मरणाऱ्याला अखेरचा अभ्यंग नाही. किती तरी जण गळाले. किती तरी जण रविवारी डच चर्चमध्ये हजेरी लावायचे आणि रात्री दारे लावून घरात जपमाळ म्हणायचे. लेकरांना घरातली वडीलधारी माणसेच बाप्तिस्मा देत. ज्या मुलांचा जन्म १६५८ नंतर झाला ती मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली, पण धर्मगुरू कसा दिसतो हे त्यांनी पाहिले नव्हते.

ही बातमी गोव्यात पोहोचत होती. जाणारे-येणारे सांगत. ऐकणारे हळहळत आणि आपल्या कामाला लागत. एका तरुण धर्मगुरूला मात्र ती चैन पडू देईना.

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतल्या बाणावली गावी, आईच्या माहेरी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ सांकवाळचे. घराणे कोकणी, धर्मांतरापूर्वीचे ब्राह्मण. गोव्याच्या ख्रिस्ती समाजातही त्या काळी ह्या गोष्टीला मान होता, आणि खरे सांगायचे तर तो मान आजही पुरता गेलेला नाही. जोसेफ सांकवाळला पोर्तुगीज शिकले, बाणावलीला लॅटिन शिकले, पुढे जुन्या गोव्यात जेज्विटांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि डोमिनिकन फादरांच्या विद्यालयात शिक्षण झाले. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर ते अनवाणी चालू लागले. आपल्या लोकांतले बहुतेक जण अनवाणीच चालतात, मग आपल्या पायांत जोडे कशाला, एवढाच साधा विचार. पुढच्या वर्षी, १६७७ मध्ये, त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा गुलाम म्हणून लिहून दिले. तो कागद त्यांनी सांकवाळच्या चर्चमध्ये तिच्या वेदीपुढे सही करून ठेवला.

त्यांनी श्रीलंकेला जाण्याची परवानगी मागितली. मिळाली नाही. वरिष्ठांनी त्यांना १६८१ मध्ये कानडा प्रांतात, म्हणजे आजच्या मंगळूर-कुंदापूरच्या बाजूला पाठवले. तिथे एक भलताच पेच वाट पाहत होता. गोव्याचे आर्चबिशप म्हणत, हा प्रांत पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालचा, म्हणून आमचा. रोमहून थेट नेमलेले बिशप तोमास द कास्त्रो म्हणत, पोपमहोदयांनी हा प्रांत माझ्याकडे दिला आहे. द कास्त्रो हेही गोव्याचेच सुपुत्र. धर्मगुरूंत दोन तट पडले, लोकांतही पडले. कुणाच्या हातून घेतलेले संस्कार खरे आणि कुणाच्या हातून घेतलेले खोटे, ह्यावरून घराघरांत भांडणे.

फादर वाझ गोव्याच्या बाजूने पाठवलेले होते. दुसऱ्या एखाद्याने तिथे जाऊन आपल्या बाजूचा झेंडा रोवला असता. ते बिशप द कास्त्रो ह्यांना जाऊन भेटले, त्यांचा मान ठेवला, त्यांना सबुरीची विनंती केली आणि गोव्यालाही सामोपचाराने घ्या असे कळवत राहिले. वाद त्यांच्याने मिटला असे नाही. तो त्यांच्यापेक्षा फार मोठ्या माणसांचा वाद होता. पण तो मिटेपर्यंत त्यांनी लोकांना ताटकळत ठेवले नाही. पापनिवेदन ऐकत बसले, आजाऱ्यांच्या घरी गेले, मोडकी चर्च उभी केली, कुंदापूरला चर्च बांधले, मुलांसाठी छोट्या शाळा काढल्या, गुलामीत पडलेल्या ख्रिस्ती माणसांना पैसे भरून सोडवले. समितीत दोन तट पडले की आधी सणाची तयारी थांबते आणि मग धर्मशिक्षणाचे वर्ग थांबतात, हा अनुभव कुठल्या धर्मग्रामाला नाही? म्हणून मंगळूरची ही तीन वर्षे मला श्रीलंकेच्या चोवीस वर्षांइतकीच मोलाची वाटतात.

१६८४ मध्ये ते गोव्याला परतले. जुन्या गोव्यात एका टेकडीवरच्या पवित्र क्रुसाच्या चर्चमध्ये काही गोवेकर धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. युरोपातून आलेले मठसंघ त्या काळी स्थानिकांना सहसा आत घेत नसत. म्हणून ह्यांनी आपलेच छप्पर उभारले. १६८५ मध्ये फादर वाझ त्यांच्यात सामील झाले. लगेच त्यांनाच प्रमुख नेमण्यात आले. संत फिलिप नेरी ह्यांच्या नियमाप्रमाणे चालणारी ही ओरेटरी म्हणजे आपल्या मातीतल्या धर्मगुरूंचा गोव्यातला पहिला संघ. एकत्र प्रार्थना, एकत्र जेवण, एकत्र काम. पुढची दीडशे वर्षे श्रीलंकेला धर्मगुरू पुरवले ते ह्या घराने. फादर वाझ एकटे गेले असे आपण म्हणतो, पण त्यांच्या पाठीशी हे घर उभे होते हे विसरू नये.

त्यांनी प्रमुखपद सोडण्याची परवानगी मिळवली आणि १६८६ मध्ये ते गोव्यातून निघाले. सोबत जॉन नावाचा एक सेवक. जॉनविषयी आपल्याला फार थोडे माहीत आहे. पण ज्या वाटेने फादर वाझ गेले त्या वाटेने तोही गेला, जे त्यांनी सोसले ते त्यानेही सोसले. त्याच्या नावाचा सण कुठेच नाही.

तुतुकोरीनला पोहोचून त्यांनी अंगावरचा झगा उतरवला आणि मजुरासारखे कपडे केले. १६८७ मध्ये होडीने समुद्र ओलांडून, वादळातून कसेबसे निभावत, मन्नारमार्गे ते जाफन्याला पोहोचले. युरोपियन धर्मगुरू गोऱ्या कातडीमुळे पहिल्याच नाक्यावर पकडला गेला असता. गोव्याच्या ह्या सावळ्या माणसाकडे मात्र कुणी वळूनही पाहिले नाही. ज्या रंगामुळे गोव्यात युरोपियनांच्या पंगतीत जागा मिळत नव्हती, तोच रंग इथे देवाच्या कामी आला.

जाफन्यात पोहोचताच त्यांना आमांशाने गाठले. उपासमार आणि प्रवासाने शरीर आधीच खिळखिळे झाले होते. अशा रोग्याला घरात ठेवायला कुणी तयार नव्हते. गावाबाहेर पडून राहावे लागले. जॉनही आजारी पडला. एक बाई त्यांना रोज थोडी कांजी आणून देई. ती कोण होती, कुठल्या धर्माची होती, कुणी लिहून ठेवलेले नाही. तिच्या कांजीवर दोघे वाचले.

उठता येऊ लागल्यावर मोठा प्रश्न समोर आला. कॅथोलिक कोण हे ओळखायचे कसे? विचारायची सोय नव्हती. चुकीच्या माणसाला विचारले तर दोघांच्याही जिवावर बेतले असते. घाबरलेली माणसेही कबूल करणार नव्हती. तेव्हा फादर वाझ ह्यांनी गळ्यात मोठी जपमाळ घातली, हातात भिक्षेचे भांडे घेतले आणि ते दारोदार भीक मागत फिरू लागले. कुणाची नजर जपमाळेवर खिळते, कोण भिक्षा घालताना क्षणभर थबकते, कोण पुन्हा बोलावते, ते बघत राहिले. बरेच दिवस असे गेले. शेवटी एका घरच्या माणसांचा जिव्हाळा पाहून त्यांची खात्री पटली. तुम्हाला धर्मगुरू भेटला तर हवा आहे का, असे त्यांनी हळूच विचारून पाहिले. घरचे रडू लागले. तेव्हा त्यांनी सांगितले, मीच आहे.

मला ह्या प्रसंगात एक गोष्ट नेहमी जाणवते. आपण सहसा असे समजतो की धर्मगुरू देणारा आणि भाविक घेणारे. इथे आधी भाविकांनी दिले. मूठभर तांदूळ, अंगणात बसायला जागा, आणि आपण सापडलो तर काय होईल हे पुरते ठाऊक असताना उघडलेले दार. धर्मगुरूने आधी भीक घेतली, मग मिस्सा दिली.

त्यानंतर जाफन्याजवळच्या सिल्लाले ह्या गावाने त्यांना लपवले. ते गाव जवळजवळ सगळे कॅथोलिक होते आणि निष्ठेत पक्के होते. रात्री मिस्सा, पापनिवेदन, बाप्तिस्मा, तीस वर्षांत राहून गेलेली लग्ने. पहाट होण्याआधी फादर दुसऱ्या घरी. रोज नवे घर. गावातल्या पोरासोरांनाही माहीत होते, पण एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. आपल्या वाड्यात कुठली गोष्ट दोन दिवस तरी गुप्त राहते का, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे!

मग एका नाताळच्या रात्री घात झाला. जाफन्याचा डच अधिकारी फान रेडे ह्याला बातमी लागली. मध्यरात्रीच्या मिस्सेला जमलेल्यांवर सैनिकांनी छापा घातला. शेकडो माणसे पकडली. फादर वाझ मात्र हाती लागले नाहीत. पुढारी म्हणून आठ जणांना निवडून फटके मारण्यात आले. त्यांतला एक, जो पूर्वी डचांच्या पंथात होता, त्या मारातच गेला. बाकीच्या सात जणांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. धर्मगुरू कुठे आहे ते सांगा, एवढेच त्यांच्याकडून हवे होते. फादर वाझ ह्यांच्या संतपदाच्या सोहळ्यात ह्या आठ जणांची नावे घेतली गेली की नाही मला कल्पना नाही, पण जाफन्याचे चर्च त्यांच्याही पाठीवर उभे आहे.

आपल्यामुळे लोकांना आणखी त्रास नको म्हणून फादर वाझ पुत्तलमकडे गेले. तिथे वर्षभर काम करून १६९२ मध्ये ते बेटाच्या मधोमध असलेल्या कँडी राज्यात शिरले. तिथे डचांची सत्ता नव्हती. बौद्ध राजा विमलधर्मसूर्य दुसरा ह्यांचे राज्य होते आणि त्यांनी किनाऱ्यावरून पळून आलेल्या बऱ्याच कॅथोलिकांना आसरा दिला होता. पण तिथल्या एका फ्रेंच प्रोटेस्टंट माणसाने हा पोर्तुगीजांचा हेर आहे अशी चुगली केली. राजधानीत पोहोचताच फादर वाझ तुरुंगात.

तुरुंगात ते काय करत होते? सिंहली शिकत होते. पहारेकऱ्यांच्या लक्षात आले की हा माणूस पळून जायचे नाव काढत नाही. पहारा सैल झाला. मग त्यांनी आवारातच एक खोपटे बांधले आणि त्यात वेदी मांडली. कँडीतले कॅथोलिक दबकत तिथे येऊ लागले. काही दिवसांनी खोपट्याच्या जागी चर्च उभे राहिले.

१६९६ मध्ये कँडीत भयंकर दुष्काळ पडला. राजाने आपल्या धर्माप्रमाणे प्रार्थना करवून घेतल्या, पण पाऊस नाही. शेवटी ह्या कैद्याला विचारण्यात आले. फादर वाझ ह्यांनी चौकात वेदी मांडली, क्रूस उभा केला आणि गुडघे टेकले. पाऊस कोसळला. त्यांच्याभोवतीची जागा तेवढी कोरडी राहिली असे सांगतात. राजाने त्यांना राज्यभर फिरण्याची आणि शिकवण्याची मोकळीक दिली.

चमत्कार झाला, पण माझ्या मते राजाचे आणि प्रजेचे मन जिंकले ते पुढच्या वर्षी. १६९७ मध्ये गोव्याहून ओरेटरीचे धर्मगुरू मदतीला आले. त्यांत फादर वाझ ह्यांचे भाचे जोसेफ कार्व्हालो होते. कोचीनच्या बिशपांनी फादर वाझ ह्यांना बेटाचे व्हिकर जनरल नेमल्याचे वृत्तही त्यांच्याबरोबर आले. आता कुठे कामाची नीट घडी बसवू असे म्हणत असतानाच राजधानीत देवीची साथ आली. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले. घरातल्या माणसाला देवी आल्या की घरचेच त्याला रानात नेऊन टाकू लागले. रस्त्यांत प्रेते पडली.

हे दोघे मामा-भाचे मागे राहिले. रानात टाकलेल्यांसाठी त्यांनी झोपड्या घातल्या, सोडून गेलेल्या घरांत रोगी आणून ठेवले, रोज दोन वेळा फेरी करून त्यांना भरवले, त्यांच्या अंगावरचे फोड धुतले, आणि मेलेल्यांना पुरले. धर्म विचारला नाही. गोव्यात ज्याच्या हातचे पाणी घेताना कुणी जात विचारली नसती, असा हा मनुष्य इथे अनोळखी माणसांचे मलमूत्र काढत होता. साथ बरेच महिने चालली. राजा परत आला तेव्हा शहर ह्या दोघांविषयीच बोलत होते.

ह्यापुढची वर्षे भरभर सांगतो, कारण ती चालण्याची वर्षे आहेत. कँडीतून उतरायचे, वेष बदलून डचांच्या मुलखात शिरायचे, कोलंबोपासून जाफन्यापर्यंत कळपाची विचारपूस करायची, आणि परत वर चढायचे. १७०५ मध्ये आणखी धर्मगुरू आले तेव्हा त्यांनी बेटाचे आठ विभाग पाडून एकेक विभाग एकेकाकडे दिला. त्यांना बिशप करावे असा विषय निघाला तेव्हा त्यांनी नकार दिला. नव्याने आलेल्यांत दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस होते. त्यांनी सिंहली आणि तामिळ ह्या दोन्ही भाषांत इतके लिहिले की सिंहली ख्रिस्ती साहित्याचे ते जनक मानले जातात.

पण जी गोष्ट थांबून सांगायला हवी ती वेगळी आहे. आठ माणसे साऱ्या बेटाला पुरणार कशी? एखाद्या गावी धर्मगुरू वर्षातून एकदा पोहोचला तर नशीब. फादर वाझ ह्यांनी तीस वर्षे स्वतःच्या बळावर टिकलेली माणसे डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी त्याच बळाला आकार दिला. प्रत्येक वस्तीत एक मुप्पू, म्हणजे वस्तीचा प्रमुख, आणि एक अण्णावी, म्हणजे प्रार्थना चालवणारा व धर्मशिक्षण देणारा, असे दोघे नेमले. रविवारी लोकांना जमवणे, प्रार्थना म्हणून घेणे, मुलांना शिकवणे, मरणाला टेकलेल्या बाळाला बाप्तिस्मा देणे, आजाऱ्याजवळ बसणे, भांडणे मिटवणे, आणि धर्मगुरू येणार असला की कुणाचे लग्न राहिले, कुणाचे पापनिवेदन राहिले ह्याची यादी तयार ठेवणे, ही त्यांची कामे. ही माणसे शेतकरी होती, कोळी होती. पगार नव्हता. पकडले गेले तर फटके होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्रापंचिकांचा सहभाग हा शब्द आपल्या कानांवरून सारखा जातो. पॅरिश कौन्सिल, छोटे ख्रिस्ती समूह, सगळे आपण करून पाहिले. कधी त्यात जीव असतो, कधी फक्त सभेचे इतिवृत्त असते. श्रीलंकेतल्या त्या वस्त्यांत हे तीनशे वर्षांपूर्वी चालले होते, आणि कुणी आपल्या नावाची पाटी लावा म्हटल्याचे ऐकिवात नाही.

१७०७ मध्ये राजा विमलधर्मसूर्य वारले. पुढचे राजे वीर नरेंद्र सिंह ह्यांनीही फादर वाझ ह्यांच्यावर माया केली. पण शरीर थकले होते. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्याला गेले नाहीत. सांकवाळचे घर, बाणावलीचे चर्च, ओरेटरीतले बांधव, कुणाचेच पुन्हा दर्शन झाले नाही. अखेरचे दिवस त्यांनी अंथरुणावर काढले आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडी इथे त्यांनी देह ठेवला. वय साठीच्या आत. लोकांनी त्यांना त्यांच्याच चर्चमध्ये पुरले.

ती कबर आज कुणालाच दाखवता येत नाही. १७४० नंतरच्या दशकात कँडीच्या दरबाराचे मन फिरले, धर्मगुरूंना घालवून देण्यात आले आणि चर्चचा नाश झाला. पुन्हा एकदा कळप एकटा पडला. ह्या वेळी मात्र वस्तीवस्तीत मुप्पू होते, अण्णावी होते, आणि त्यांच्या हातांत फादर गोन्साल्विस ह्यांची सिंहली-तामिळ प्रार्थनापुस्तके होती. १७९६ मध्ये डच गेले, १८०६ मध्ये इंग्रजांनी कॅथोलिकांवरचे जुने निर्बंध उठवले. दारे उघडली तेव्हा आत माणसे होती.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत फादर वाझ ह्यांना धन्यवादित घोषित केले. १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरातल्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संतपद दिले. सिंहली आणि तामिळ लोकांमधले दीर्घ युद्ध संपून तेव्हा सहा वर्षेही झाली नव्हती. त्या देशात दोन्ही भाषांची माणसे ज्या थोड्या समाजांत एकत्र सापडतात त्यांतला एक म्हणजे कॅथोलिक समाज. ती त्या दिवशी एकाच मैदानात गुडघे टेकून होती.

दुपारी पोप फ्रान्सिस उत्तरेला मधू इथल्या पवित्र मरियेच्या तीर्थस्थानी गेले. तिथल्या मूर्तीविषयी अशी परंपरा सांगतात की १६७० मध्ये डचांच्या छळातून ती वाचवण्यासाठी मांतई गावच्या वीस कॅथोलिक कुटुंबांनी ती उचलली आणि रानात नेली. त्या वर्षी जोसेफ वाझ गोव्यात शिकत होते. त्या वीस कुटुंबांबरोबर एकही धर्मगुरू नव्हता.